नकाशातली वाट आणि पायाखालची वाट : कोल्हापूर ते कोकण



आज आपण पडद्यावर दोन कागद शेजारी शेजारी लावले आहेत. दोन्ही भारतीय सर्वेक्षण विभागाच्या, म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाच्या, 'चार मैलांना एक इंच' या जुन्या मालिकेतले. डाव्या हाताला ४७ एच, उजव्या हाताला ४७ एल. तत्त्वज्ञानाच्या माणसानं भूगोलात कशाला शिरावं, असं काही जणांच्या मनात आलं असेल. आमचा प्रश्न मात्र भूगोलाचा नाहीच. तो असा आहे : या कागदावर एक वाट दाखवली आहे. म्हणजे नेमकं काय सांगितलं आहे? आणि ते खरं आहे की नाही, हे आपण कसं ठरवणार? आयुष्यभर आम्ही वर्गात 'ज्ञान म्हणजे काय' हा विषय शिकवला. त्या प्रश्नाला नकाशाइतकं चांगलं उदाहरण आम्हाला फार उशिरा सापडलं. ते सापडलं कसं, तेही पुढे सांगू, कारण त्यात आमची फजिती आहे.

आधी हे कागद वाचायला शिकू.

प्रत्येक कागद एक अंश रुंद आणि एक अंश उंच. ४७ एच म्हणजे रेखांश ७३ ते ७४ आणि अक्षांश १६ ते १७. त्यात वरच्या बाजूला विशाळगड, मध्ये राजापूर, खारेपाटण, विजयदुर्ग, देवगड, कणकवली आणि तळाशी मालवण. ४७ एल म्हणजे ७४ ते ७५. त्यात आपलं कोल्हापूर आणि पन्हाळा. आता गंमत बघा. गगनबावडा आणि दाजीपूर कोल्हापूर जिल्ह्यातले, पण नकाशाच्या दृष्टीनं ते कोकणाच्या कागदावर. राधानगरी तर जवळजवळ कडेवरच. आणि वेंगुर्लं? ते १६ अंशांच्या खाली, म्हणून आणखी तिसऱ्याच कागदावर, ४८ ई वर. कोल्हापूरच्या व्यापाऱ्याच्या डोक्यात जो एकच मुलूख होता, घाट उतरायचा, बंदर गाठायचं, माल चढवायचा, त्याचे नकाशात तीन तुकडे झाले. कुणी मुद्दाम केले नाहीत. चौकट आकाशातल्या मापानं आखली आणि माणसं तिच्यात जिथं पडायची तिथं पडली.

कोल्हापूर ते राजापूर सरळ रेषेत साधारण ७५ किलोमीटर. म्हणजे या दोन कागदांवर मिळून फूटभर अंतर. याच कागदाचे सोळा भाग करून 'मैलाला एक इंच' अशी मोठी मालिका होती. तिच्यात हेच अंतर चार फूट होतं, आणि मग घाटातलं एकेक वळण दिसायला लागतं.

हे मोजलं कुणी? १८१८ मध्ये पेशवाई गेली. लगेच १८१९ पासून थॉमस जर्व्हिस नावाचा तरुण इंजिनिअर अधिकारी दक्षिण कोकणाच्या पाहणीला लागला आणि पुढची दहाएक वर्षं तेच करत राहिला. त्याचा भाऊ जॉर्ज जर्व्हिस, ज्यानं मुंबईत मराठीतून गणिताची पुस्तकं तयार करवली. मराठी शाळेच्या इतिहासात त्याचं नाव येतं. थॉमसचं पुढं काय झालं, ते कमी लोकांना ठाऊक असतं. क्रिमियन युद्धाच्या काळात, १८५५ मध्ये, लंडनच्या युद्धखात्यात नकाशे आणि आकडेवारीचा स्वतंत्र विभाग त्याच्या आग्रहानं सुरू झाला. ब्रिटिश लष्करी हेरखात्याच्या इतिहासाची सुरुवात पुष्कळदा या विभागापासून करतात. कोकणातल्या खाड्या आणि खिंडी मोजण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला नकाशा म्हणजे काय हे चांगलं कळलेलं होतं. नकाशा म्हणजे चित्र नव्हे. नकाशा म्हणजे तयारी.

नंतर मोठ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं जाळं आलं. त्याची सुरुवात लॅम्बटननं १८०२ मध्ये मद्रासला पायारेषा मोजून केली होती. पद्धत सोपी आहे. एक रेषा जमिनीवर साखळीनं अगदी काटेकोर मोजायची. तिच्या दोन टोकांवरून लांबच्या एका शिखराचे कोन घ्यायचे. त्रिकोणाची एक बाजू आणि दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणितानं मिळतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण. असं करत करत डोंगरावरून डोंगरावर. म्हणजे नकाशातली बहुतेक मोठी अंतरं कुणी चालून मोजलेली नाहीत, ती काढलेली आहेत. आपल्या भाषेत बोलायचं तर ती प्रत्यक्ष नाहीत, अनुमान आहेत. हा मुद्दा लक्षात ठेवा.

आता घाट वाचू. या तपकिरी रेषा म्हणजे समोच्च रेषा. एका रेषेवरची सगळी ठिकाणं समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर. मैलाला एक इंच नकाशात दर पन्नास फुटांना एक रेष. घाटमाथ्यावरून कोकणात दोन हजार फूट उतरायचं असेल तर चाळीस रेषा ओलांडाव्या लागतात. त्या चाळीस रेषा कागदावर दीड-दोन इंचांत दाटल्या असतील, तर तिथं पायवाट शक्य आहे, गाडी नाही. भरलेली बैलगाडी चढायची तर इंजिनिअर साधारण वीस फुटांना एक फूट एवढाच चढ ठेवायचा. म्हणजे दोन हजार फूट चढायला चाळीस हजार फूट लांबीचा रस्ता हवा. ते झाले साडेसात मैल, बारा किलोमीटर. म्हणून घाटातली वळणं. वळण ही हौस नाही, ते बैलाच्या खांद्याचं गणित आहे. जुनी पायवाट मात्र दोन-तीन मैलांत खाली जायची. त्याच दोन गावांमधलं अंतर माणसाला एक, बैलाला दुसरं आणि गाडीला तिसरं. मग 'खरं अंतर' कुठलं?

आपल्या लोकांना हे नकाशाशिवाय माहीत होतं. ते कोस सांगायचे, पण त्याबरोबर मजल सांगायचे. मजल म्हणजे एका दिवसात जेवढं चालून होतं तेवढं. चढाची मजल छोटी, सपाटीची मोठी. 'हाकेच्या अंतरावर' हेही मापच आहे, आणि त्यात वारा कुठून वाहतो तेही धरलेलं आहे.

नकाशाच्या तळाला खुणांची यादी असते. पक्का रस्ता, कच्चा रस्ता, गाडीवाट, लादणीच्या जनावरांची वाट, पायवाट अशी उतरंड. लादणीची वाट म्हणजे पाठीवर गोण्या टाकलेले बैल जिथून जातात ती. वंजाऱ्यांचे तांडे याच वाटांनी मीठ वर आणायचे. आणि इथं एक शब्द बघा : घाट. मराठीत घाट म्हणजे डोंगर नव्हे. घाट म्हणजे डोंगरातून जायची वाट. फोंडा घाट, आंबा घाट, अणुस्कुरा घाट, करूळ, भुईबावडा. युरोपियन लोकांनी वाटेचं नाव ऐकलं आणि सगळ्या डोंगराला चिकटवलं : वेस्टर्न घाट्स. चालणाऱ्याला ओलांडायची जागा दिसली, मोजणाऱ्याला भिंत दिसली. आणि कोकणातली मंडळी आपल्याला घाटी म्हणतात, त्यालाही अर्थ तोच, वाटेनं वरून उतरलेला माणूस. रागावायचं कारण नाही. (हशा)

या वाटांवरून काय काय गेलं! १६६० मध्ये सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातला, तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज आपल्या तोफा घेऊन पन्हाळ्याखाली आले. पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरवर जाऊन वखारीचा समाचार घेतला. आपण हा इतिहास सूड आणि शौर्य म्हणून वाचतो, ते बरोबरच आहे. पण नकाशा समोर ठेवून वाचलात तर आणखी एक गोष्ट दिसते. राजापूर आणि पन्हाळा ही एकाच वाटेची दोन टोकं होती. बंदरावर जे उतरतं ते किल्ल्याखाली पोचतं. ज्याला किल्ला राखायचा त्याला बंदराकडे लक्ष ठेवावंच लागतं.

वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डच वखार होती. १८१२ मध्ये ते बंदर इंग्रजांकडे गेलं आणि पुढे बेळगावच्या छावणीची रसद वेंगुर्ल्याहून आंबोलीमार्गे वर जाऊ लागली. मग रेल्वे आली. १८८० च्या दशकाच्या अखेरीस बेळगावकडून लोंढ्यामार्गे मुरगावपर्यंत रूळ गेले. १८९१ मध्ये मिरज–कोल्हापूर रेल्वे सुरू झाली. आता कोल्हापूरचा गूळ पूर्वेला मिरजेला जाऊन, तिथून पुण्या-मुंबईला जाऊ लागला. समुद्र पश्चिमेला, माल पूर्वेला. कागदावर राजापूर तिथंच होतं, एक इंचभरही हललं नव्हतं. पण व्यापाऱ्याच्या हिशेबात ते लांब गेलं. त्यात राजापूरची खाडी गाळानं भरत चालली होती. वेंगुर्ल्याचंही महत्त्व उतरत गेलं. कोकण रेल्वे पूर्ण झाली १९९८ मध्ये, तीही किनाऱ्याला समांतर. कोल्हापूरहून कोकणात थेट उतरणारी रेल्वे अजून नाही. कोल्हापूर–वैभववाडी मार्गाची चर्चा ऐकत आमची पिढी म्हातारी झाली.

आता किनाऱ्याची रेष बघा. डोंगराची उंची मोजायची ती सरासरी समुद्रपातळीपासून. त्यासाठी मुंबई, कारवार अशा ठिकाणी भरती-ओहोटीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी घेतल्या. पण जहाजाच्या नकाशाला हे शून्य चालत नाही. तांडेलाला कमीत कमी पाणी किती असेल ते हवं, म्हणून तिथलं शून्य मोठ्या ओहोटीच्या पातळीला धरतात. म्हणजे एकाच किनाऱ्याला दोन शून्यं. जमिनीचा नकाशा भरतीच्या रेषेपाशी हात टेकतो, समुद्राचा नकाशा ओहोटीच्या रेषेपासून बोलू लागतो. मधला जो चिखलाचा, खाजणाचा, कालवं-तिसऱ्या काढायचा पट्टा आहे, तो धड इकडे नाही, धड तिकडे नाही. आणि कोकणातली कितीतरी घरं नेमकी त्याच पट्ट्यावर जगत आली आहेत.

आणखी एक. या नकाशात महिना नाही. ज्येष्ठ लागला की होड्या किनाऱ्यावर ओढायच्या, ते नारळी पौर्णिमेला समुद्र शांत झाल्यावर पुन्हा लोटायच्या. घाटातल्या वाटाही आषाढ-श्रावणात ओढ्यांनी तुटायच्या. म्हणजे ही वाहतुकीची सगळी जाळी वर्षातले आठ महिने खरी आणि चार महिने खोटी. नकाशात ती बारा महिने छापलेली.

आता फजिती सांगतो. पंचेचाळीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. एका स्नेह्याकडे वडिलोपार्जित जुना एक इंची नकाशा होता, स्वातंत्र्यापूर्वीचा. त्यावरून आम्ही ट्रेसिंग पेपरवर गगनबावड्याच्या दक्षिणेकडची एक वाट उतरवून घेतली आणि सात-आठ विद्यार्थ्यांना घेऊन निघालो. नकाशात स्पष्ट तुटक रेष होती, माथ्यापासून तळापर्यंत. दुपारपर्यंत आम्ही तिच्यावर होतो, असं आम्हाला वाटत होतं. मग कारवीच्या रानात शिरलो. पुढं कातळ. मागं वळलो तर आलेली वाटही सापडेना. अंधार पडताना कुत्र्याच्या भुंकण्याच्या दिशेनं गेलो आणि एका धनगरवाड्यावर पोचलो. तिथल्या आजोबांनी पोरांना दूध दिलं, नाचणीची भाकरी दिली. आम्ही कंदिलाच्या उजेडात तो कागद त्यांना दाखवला आणि जरा तक्रारीच्या सुरातच विचारलं, "इथं वाट दाखवलीय, ती आहे का नाही?"

ते म्हणाले, "हाय की मास्तर. न्हाई म्हणतंय कोण? खालनं मीठ, सुकी मासळी घिऊन माणसं यायची, वरनं गूळ-मिरची न्यायची. आमच्या बाच्या टायमाला रोज राबता हुता. आता यस्टी झाली, कोण चालतंय? दोन पावसाळं माणूस गेलं न्हाई की वाट रान खातंय."

रात्रभर झोप लागली नाही. थंडी होतीच, पण त्या उत्तरानंही लागली नाही. 'आहे' म्हणाले आणि 'रान खातंय' असंही म्हणाले. मग नकाशा खोटा होता का?

न्यायदर्शनात ज्ञानाची चार प्रमाणं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. नकाशा यांपैकी कशात बसतो? अंतरं अनुमानाची, हे आपण पाहिलं. खुणांची यादी हे उपमान. उपमानाचं शास्त्रातलं उदाहरण गवयाचं आहे. गवय कधी न पाहिलेल्या माणसाला रानातला माणूस सांगतो, 'गवय गाईसारखा असतो.' मग हा रानात जातो, गाईसारखं जनावर बघतो आणि त्याला कळतं, 'गवय' म्हणतात तो हा. दाजीपूरला पहिल्यांदा गवा बघणाऱ्या पाहुण्याचं असंच होतं. तळाच्या यादीत सांगितलेलं असतं, 'तुटक रेष म्हणजे पायवाट.' आपण डोंगरात जातो, ओळख पटवतो. पण ओळख पटवायला जनावर तर समोर हवं! आमच्यापुढं नव्हतं.

उरलं शब्दप्रमाण. नकाशा हे कुणाचं तरी सांगणं आहे. आणि सांगणं कधी प्रमाण मानायचं? तर सांगणारा आप्त असेल तेव्हा. आप्त कोण, याचं उत्तर न्यायसूत्रांच्या भाष्यात वात्स्यायनांनी फार नेमकं दिलं आहे. ज्यानं वस्तू साक्षात जाणली आहे आणि जी जशी पाहिली तशीच दुसऱ्याला सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि ते स्पष्ट म्हणतात की ही व्याख्या ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सगळ्यांना सारखीच लागू आहे. म्हणजे परका अधिकारीही आप्त असू शकतो. त्याचं सांगणं तो परका म्हणून टाकून द्यायचं नाही, आणि त्याच्याकडे दुर्बीण होती म्हणून डोळे झाकून घ्यायचंही नाही. दोनच प्रश्न विचारायचे : यानं पाहिलं होतं का? आणि पाहिलेलं सगळं सांगायची त्याची इच्छा होती का?

पहिल्याचं उत्तर, आमच्या वाटेपुरतं, हो. त्यानं पाहिली होती. दुसऱ्याचं उत्तर अर्धवट. सैन्याला, महसुलाला, डाकेला जे हवं ते त्यानं निगुतीनं सांगितलं. वाट कुणाच्या पायांनी राहते, कुठल्या महिन्यात बंद होते, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आणि तिसरी गोष्ट आम्हाला त्या रात्री कळली. नकाशाच्या व्याकरणात एकच काळ आहे, वर्तमानकाळ. तो कायम 'आहे' म्हणतो. वाचणाऱ्यानं ते 'होती' असं वाचायचं असतं आणि खाली छापलेलं वर्ष त्याच्यापुढं लावायचं असतं. चूक नकाशाची नव्हती. आम्ही काळ चुकीचा वाचला.

हा नुसता शब्दांचा खेळ आहे असं कुणाला वाटेल. तसं नाही. किनारपट्टीचे मोठ्या प्रमाणावरचे नकाशे सुरक्षेच्या कारणानं कित्येक दशकं सामान्य माणसाला सहज मिळत नव्हते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानं आणि २०२१ च्या नियमांनी ते बरंच मोकळं झालं. पण मधल्या काळात काय झालं बघा. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागानं १९५० च्या दशकात याच सर्वेक्षणाच्या आधारानं भारताची अडीच लाखांत एक प्रमाणाची मालिका छापली, आणि ती टेक्सासमधल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयानं इंटरनेटवर खुली ठेवली. राजापूरच्या मास्तराला आपल्या गावचा नकाशा टेक्सासहून बघावा लागला.

आणि आणखी जवळचं उदाहरण घ्या, तुमच्या गावचा नकाशा. महसुली गावनकाशात तुटक दुहेरी रेष म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेष म्हणजे पायमार्ग, रुंदी सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण ते मोजणीच्या साखळीतून आले आहेत. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. अर्धी साखळी गाडीमार्ग, पाव साखळी पायमार्ग. आज पाणंदीवरून भाऊबंदकी होते, कुणी बांध सरकवतो, कुणी काटेरी तार ओढतो. प्रकरण तहसीलदारांपुढं जातं, १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्यानं किंवा जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ नं. तिथं पहिल्यांदा उघडतात तो हा कागद. तुटक रेष असेल तर म्हातारीला स्मशानापर्यंत, पोराला शाळेपर्यंत, उसाच्या गाडीला कारखान्यापर्यंत जायला मोठा आधार मिळतो. रेष नसेल तर तिला साक्षीदार शोधावे लागतात, आणि साक्षीदार मरतात.

म्हणजे एकीकडे रेष आहे आणि वाट गेली, आमच्या घाटासारखी. दुसरीकडे वाट आहे आणि रेष नाही. पहिल्यात एखादी रात्र थंडीत काढावी लागते. दुसऱ्यात पिढ्यान्पिढ्यांचा हक्क जातो. त्या आजोबांचं वाक्य आम्ही एवढी वर्षं जपून ठेवलं ते यासाठी. वाट राखायला दोन गोष्टी लागतात, चालणारे पाय आणि लिहिलेला कागद. एकानं भागत नाही.

म्हणून पुढच्या व्याख्यानापर्यंत एक काम करा. आपल्या गावचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयातून किंवा तलाठ्याकडून बघायला मागा. घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाजवळ बसा आणि त्यांना माहीत असलेल्या वाटांची नावं लिहून घ्या. कुठून कुठं, कोण जायचं, काय न्यायचं, कुठल्या महिन्यात बंद. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा, आपण आज ४७ एच आणि ४७ एल ठेवले तसे. जिथं जुळणार नाहीत तिथं खूण करा. त्या खुणांवरून पुढच्या वेळी बोलू.